धक्का कोणाचा?

एस्. टी.ची गाडी सुटते आणि उभे असलेले उतारू मागें झुकतात. ती एकाएकीं थांबते आणि तेच उतारू पुढें कोलमडतात. “केवढा धक्का बसला!” असें जो तो म्हणतो. पण धक्का दिला कोणीं? गाडी थांबली, उतारूंचीं शरीरें थांबलीं नाहींत, इतकाच खरा प्रकार. पदार्थाच्या या गुणास जडत्व म्हणतात. बाहेरून बल लागल्यावांचून स्थिर वस्तु स्थिरच राहते आणि चालती वस्तु त्याच वेगानें, त्याच दिशेनें चालत राहते.

यांतील पहिला अर्धा भाग कोणासही पटतो. दोरीवरच्या सतरंजीस काठी मारली कीं सतरंजी मागें सरते आणि धूळ जागच्या जागीं राहून सुटते. दुसरा अर्धा पटावयास मात्र जवळजवळ दोन हजार वर्षें लागलीं. ढकलणें सोडलें कीं गाडा थांबतो. तेव्हां गति टिकावयास सतत जोर हवा, असें ॲरिस्टॉटल मानी. त्यास हंसण्याचें कारण नाहीं. घर्षण नसलेला रस्ता कोणींच पाहिलेला नाहीं. गाडा थांबतो तो अडथळ्यामुळें, हें गॅलिलिओनें ओळखलें. न्यूटननें १६८७ मध्यें त्यास नियमाचें रूप दिलें.

हा नियम घरोघर विसरला जातो तो मोटारींत. आई तान्ह्या मुलास मांडीवर घट्ट धरून बसते, आणि त्याहून सुरक्षित जागा नाहीं अशी सर्वांची समजूत असते. श्रोत्यांनीं थोडें गणित करून पाहावें. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. टक्कर होऊन मोटार सेकंदाच्या दशांशांत थांबली, तर १० किलोच्या मुलास तितक्याच वेळांत थांबविण्यास सुमारें १०० किलोचें ओझें उचलण्याइतकें बल लागतें. वेग दुप्पट झाला तर बलही दुप्पट. मिठी कितीही मायेची असो, हातांस तें पेलत नाहीं. शिवाय पट्टा लावला नसेल तर आई स्वतःच मुलावर आदळते.

नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें १९५९ मध्यें मोटारींत आणलेला तीन ठिकाणीं जखडणारा पट्टा हें बल छाती व कमरेच्या बळकट हाडांवर वांटून देतो. पण तो मोठ्यांच्या मापाचा. लहान मुलास निराळी बैठक लागते, आणि १४ वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा अशा बैठकीनें बांधलेंच पाहिजे, असें मोटार वाहन कायद्याची २०१९ ची दुरुस्ती सांगते. तान्ह्या मुलाची बैठक मोटारीच्या मागील भागांत, मुलाचें तोंड मागें करून बसवितात; म्हणजे मोटार थांबतांना कोंवळ्या मानेस हिसका न बसतां डोकें आणि सबंध पाठ बैठकीवर टेकते.