हायरूलमध्ये न्यूटनचे राज्य

उत्तरभाग सहा वर्षांनी आला, पण नकाशा बराचसा तोच! निन्टेंडोच्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मार्च २०१७मध्ये आला होता. त्याची पुढची कथा सांगणारा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ १२ मे २०२३ रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. खेळातल्या हायरूल राज्याच्या जुन्या भूमीवर आता तरंगती बेटे आहेत, खाली अंधारे पाताळ आहे. खेळताना मात्र या विस्तारापेक्षा तिथल्या भौतिकशास्त्राचेच अप्रूप अधिक वाटते.

नायक लिंक याला मिळालेल्या ‘अल्ट्राहँड’ शक्तीने ओंडके, फळ्या, चाके, पंखे, रॉकेट असे काहीही एकमेकांना चिकटवता येते. पुढे एक पंखा, मागे एक पंखा आणि मध्ये सुकाणू एवढ्यावर उडती दुचाकी तयार होते. पण पंखे कसेही लावून चालत नाही. त्यांचा एकत्रित रेटा यंत्राच्या वस्तुमानकेंद्रातून गेला नाही, तर ते पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती गरगरते किंवा नाक खुपसून आपटते. पाठ्यपुस्तकातले बल-आघूर्ण इथे चार-दोन वेळा कोसळल्यावर आपोआप कळते.

पडद्यामागे काय चालते? निन्टेंडो स्विचवर हा खेळ सेकंदाला साधारण ३० चित्रे दाखवतो. म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांत संगणकाला प्रत्येक हलत्या वस्तूवरची बले मोजायची, त्यांवरून वेग आणि वेगावरून नवी जागा काढायची, कोण कोणावर आदळले ते तपासायचे. सुटी वस्तू सोपी असते. चिकटवलेल्या वस्तू एकमेकींना ओढतात, ढकलतात. एका सांध्याची दुरुस्ती केली की शेजारचा बिघडतो. म्हणून असे हिशेब अनेकदा फिरवून उत्तराच्या जवळ जावे लागते. चूक साचत गेली, तर यंत्र थरथरते आणि क्षणात त्याचे तुकडे उधळतात. हे सगळे निन्टेंडो स्विचसारख्या, २०१७ साली आलेल्या छोट्या यंत्रावर सांभाळायचे होते.

सॅन फ्रान्सिस्कोतील २०२४च्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’मध्ये तांत्रिक दिग्दर्शक ताकुहिरो दोह्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचा उपाय सांगितला. हलणारी प्रत्येक गोष्ट भौतिकीच्या नियमांनीच चालवायची, असे त्यांनी ठरवले. एरवी खेळांतले दार ठरवून दिलेल्या हालचालीप्रमाणे सरकते, मध्ये काही आडवे आले तरी त्याला पर्वा नसते. मग ती वस्तू दारात रुतते किंवा गोळीसारखी उडते. दारालाही वजन आणि बळाची मर्यादा दिली, की ते अडते, जसे अडायला हवे. आवाजाचीही तीच तऱ्हा. गाडीचा म्हणून वेगळा आवाज ध्वनिमुद्रित केलेला नाही. चाकांची घरघर आणि साखळ्यांचा खणखणाट एकत्र होऊन तो बनतो. खेळाचे जग असे नियमांवर चालवण्याची पूर्वतयारी पहिल्या भागातच होती: आगीने गवत पेटते, तापलेली हवा वर चढते आणि तिच्यावर पॅराग्लायडर धरून लिंक उंच जातो.

‘रिकॉल’ ही शक्ती वस्तूला आल्या वाटेने मागे नेते. घर्षण आणि टक्कर यांत माहिती हरवते, म्हणून थांबलेल्या दगडाकडे पाहून तो कुठून आला हे समीकरणे उलटी सोडवून सांगता येत नाही. त्याच्या मार्गाची नोंदच हवी. आकाशातून पडलेल्या शिळेवर उभे राहून ‘रिकॉल’ वापरले, की ती आपल्याला घेऊन वर जाते. छतातून आरपार वर नेणारी ‘असेंड’ शक्ती तर गुहांची चाचणी घेताना निर्मात्यांनी स्वतःसाठी केलेल्या सोयीतून आली.

भौतिकीच्या नियमांना सवलती आहेतच. वस्तू चिकटवणारा डिंक वजनहीन वाटतो, उडते पंख काही वेळाने अदृश्य होतात, बॅटरी संपते. त्यातल्या काही खेळाचा तोल राखण्यासाठी आहेत, कारण कायम उडणारे विमान मिळाले तर डोंगर चढायचा कोणी? निर्माते एजी आओनुमा यांनी सांगितले होते की, खेळ जवळपास पूर्ण झाल्यावरही एक वर्ष तो घासूनपुसून घेण्यात गेले. खेळताना त्या वर्षाचे चीज झालेले जाणवते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्ररचना शिकवण्यासाठी हा खेळ वापरला गेला, यात नवल नाही. उणिवाही आहेत: कथा पहिल्या भागाचीच वळणे पुन्हा घेते आणि पाताळातला अंधार लवकरच एकसुरी होतो. तरीही साहस म्हणून हा उत्तरभाग उत्तम आहे. यंत्रे जोडून, पाडून, पुन्हा जोडण्याची प्रयोगशाळा म्हणून मात्र त्याच्या तोडीचा दुसरा खेळ सांगणे कठीण आहे.