बारा महिन्यांचे वाचनालय

चावडीजवळ एक खोली असते. आत दोन कपाटे, एक लांब टेबल आणि बाके. दारावर पाटी असते : सार्वजनिक वाचनालय. ही पाटी आपण जातायेता नुसती पाहत होतो. आता ती वाचता येते. तरी पुष्कळ मंडळी पायरीवरूनच परततात. "आम्हांला काय कळतंय त्यातलं?" म्हणतात.

हे परतणे साधे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मग ती राज्यभर पसरली. म्हातारी माणसेसुद्धा सही करू लागली. पण ज्यांच्या हातांत पुढे पुस्तक आले नाही, त्यांची अक्षरे पुसट झाली. विळा पडून राहिला की गंजतो, तसेच झाले. शिकलेले टिकवायचे तर वाचत राहावे लागते. म्हणून वाचनालयाची पायरी चढायची.

सुरुवात श्रावणात करावी, असे आम्हांला वाटते. श्रावणात गावोगाव पोथी लागते. श्रीधरस्वामींनी १७१८ साली 'शिवलीलामृत' पुरे केले. त्याचा अकरावा अध्याय किती घरांत वाचतात! तो आपण लहानपणापासून ऐकतो. ओवी कानांत बसलेली असते. पुढचा शब्द कोणता, हे डोळ्याच्या आधी तोंडाला ठाऊक असते. त्यामुळे जोडाक्षर अडले तरी गाडी पुढे जाते. शिवाय पोथीचा टाइप मोठा असतो. नव्या वाचकाला याहून सोपे काय?

एका गावात आम्ही एक मावशी पाहिल्या. डोक्यावर इरले घेऊन त्या दारात उभ्या होत्या.

"दादा, बायामाणसाला पुस्तक देता का?"

"देतो की मावशी. या आत. वहीत नाव लिहा."

"मीच लिहू?"

"तुम्हीच लिहा. सावकाश लिहा."

नाव लिहायला बराच वेळ लागला. मागे उभा असलेला कोणी हसला नाही. मावशी पोथी पदराखाली धरून घरी गेल्या.

पण पावसाळा पुस्तकाचा वैरी आहे. ओल धरली की कागदाला बुरशी येते. वाळवी तर भिंतीतूनच येते. म्हणून कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये. उघडीप पडली की दारेखिडक्या उघडाव्या, वारा खेळू द्यावा. पुस्तक भिजले तर चुलीपुढे धरू नये आणि कडक उन्हातही टाकू नये. कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. पाने चिकटली असली तर ओढू नयेत. कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर वाळलेला ठेवावा. ओल्या पाल्याने उलट ओलच वाढते. आणि थुंकी लावून पान उलटू नये. ही खोड मोठमोठ्या शिकलेल्यांनाही असते!

सुगीत खोली ओस पडते. दिवसभर राबलेला माणूस काय वाचणार? अशा दिवसांत वाचनालय संध्याकाळी घटकाभर तरी उघडे हवे. ते सकाळीच उघडत असेल, तर चिटणिसांना तसे सांगावे. वाचनालय आपले आहे. सांगायला भ्यायचे कशाला?

दिवाळी आली की दिवाळी अंक येतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही रीत पडली. एकेक अंक विकत घेणे आपल्याला परवडत नाही. वाचनालय थोडी वर्गणी घेते आणि अंक पाळीपाळीने घरी देते. एकाच्या पैशांत अनेक अंक वाचून होतात. मात्र आपली पाळी झाली की अंक वेळेवर परत करावा. मागे दुसरा वाट पाहत असतो.

उन्हाळ्यात मुलांना सुट्टी असते. तेव्हा नातवाला बरोबर न्यावे. एक पान त्याने वाचावे, एक आपण. आपण चुकलो तर तो सांगेल. त्यात कसला कमीपणा?

त्या मावशी आम्हांला पुढे उन्हाळ्यात भेटल्या. पोथी केव्हाच परत केली होती. काखेत गोष्टींचे पुस्तक होते, आणि नात पुढे पळत होती.

"लई अवघड शब्द हायेत यात," मावशी म्हणाल्या, "पण पुढं काय झालं, ते कळल्याबिगर चैन पडंना."