विद्यार्थ्याची शिल्लक कोठे ठेवावी?

लसीकरणासाठी आमच्याकडे आलेली पेडणे-डिचोलीची बालके पाहता पाहता कॉलेजात जातात आणि पालक विचारतात, ‘डॉक्टर, मुलाच्या दहा हजारांना जास्त व्याज कोठे मिळेल?’

दहा हजारांवर एक टक्का अधिक व्याज म्हणजे वर्षाला अवघे १०० रुपये! एवढ्यासाठी मुद्दल धोक्यात घालणे मला पटत नाही. शेजारच्या बार्देशातील म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर २०१५ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. बँक ठेवींना विम्याचे संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत. परंतु अडकलेल्या पैशांतून मधल्या काळात फी कशी भरावी? पतसंस्थेतील ठेवींना तर हा विमाही नाही.

म्हणून वर्षभरात लागणारी रक्कम बँकेच्या बचत खात्यात अथवा एक वर्षाच्या आवर्ती ठेवीत असावी. टपाल खात्याची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते, मात्र तिची मुदत ५ वर्षांची. बारावीच्या मुलाने हे ध्यानी घ्यावे. म्युच्युअल फंडात केवळ पाच-सात वर्षे न लागणारे पैसे घालावेत. विद्यार्थ्यापाशी ते क्वचितच असतात.