दोष कारखान्याचा, दाह गिऱ्हाइकाला

सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले, ते हाताने काम करणाऱ्याला त्या कामामागचे शास्त्रही कळावे या हेतूने. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आज त्या शहरात आणि परिसरात विजेवर चालणाऱ्या वाहनांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. ‘जॉय ई-बाईक’ या नावाच्या दुचाकी बडोद्यात तयार होतात, शेजारी हालोलला विजेच्या मोटारी तयार होतात, आणि विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी, १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’ ही संस्थाही बडोद्याचीच. ही नावे आम्ही कोणावर ठपका ठेवण्यासाठी घेत नाही. परंतु जेथे माल बनतो आणि तो पारखण्याची विद्याही नांदते, त्या शहराशी दोन शब्द बोलणे आम्हाला अगत्याचे वाटते. कारण या मालाचे गिऱ्हाईक आता आमच्या किनाऱ्यावरही आहे.

आरंभ एका खेळण्यापासून करू. विजेवर चालणारी स्केटबोर्डची फळी आपल्याकडे हौसेची वस्तू आहे. अमेरिकेत मात्र ती लाखांनी खपते. तेथे ‘वनव्हील’ नावाची एका चाकाची फळी निघाली. मर्यादेबाहेर ताण पडला की ही फळी तोल सांभाळणे सोडून देते आणि स्वार पुढे फेकला जातो. २०१९ ते २०२१ या काळात चार माणसे दगावल्याची नोंद झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने ‘ही फळी वापरू नका’ असा जाहीर इशारा दिला. कंपनीने तो अवास्तव ठरवला आणि माल परत बोलावण्यास नकार दिला. दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच कंपनीने सुमारे तीन लाख फळ्यांबाबत दोष दूर करण्याची जबाबदारी पत्करली. मधल्या दहा महिन्यांत फळी तीच होती आणि तिचा दोषही तोच होता. बदलला तो फक्त कंपनीचा सूर, आणि तोही आयोग मागे हटला नाही म्हणून. त्यापूर्वी २०१६ च्या जुलैत बॅटरी तापून पेट घेणाऱ्या पाच लाखांवर ‘होव्हरबोर्ड’ तेथे अशाच रीतीने परत बोलावण्यात आल्या होत्या.

आपल्याकडे हा प्रश्न खेळण्याचा राहिलेला नाही. २०२२ साली मार्चमध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीने बाप आणि मुलगी गुदमरून गेली. त्याच सुमारास पुण्यात लोहगावला रस्त्यावर उभी असलेली स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये नाशिकला कारखान्यातून निघालेल्या कंटेनरमध्ये वीस स्कूटर जळाल्या; त्यांना तर अजून गिऱ्हाईकही लाभले नव्हते! सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला स्कूटरच्या शोरूममधून उठलेल्या आगीने वरच्या हॉटेलातील आठ जणांचा बळी घेतला, आणि त्याच महिन्यात वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. अशा वेळी कारखानदारांचे ठरलेले उत्तर आम्हाला आता पाठ झाले आहे: गिऱ्हाइकाने चार्जर चुकीचा लावला, घरची वायरिंग जुनी होती, बॅटरी रात्रभर लावून ठेवली. नाशिकच्या कंटेनरमध्ये कोणत्या गिऱ्हाइकाने चार्जर लावला होता?

लिथियमची बॅटरी म्हणजे अनेक लहान घटांची एकत्र बांधणी. एका घटाच्या आतला पडदा फाटला की त्यात आतल्या आत शॉर्टसर्किट होते, तो तापतो, शेजाऱ्याला तापवतो आणि ज्वालाग्राही वायू सुटू लागतात. विझली असे वाटणारी आग तासाभरानेही पुन्हा भडकू शकते. हे घडू नये म्हणून घटांमध्ये अंतर ठेवणे, वायूला वाट करून देणे आणि तापमानावर नजर ठेवणारे यंत्र बसवणे हे सारे काम कारखान्यातले आहे. गिऱ्हाईक ते उघडून पाहू शकत नाही. उघडले तर वॉरंटी जाते. केंद्राच्या चौकशीत बॅटऱ्यांच्या रचनेतच दोष आढळल्याचे मे २०२२ मध्ये बाहेर आले. बॅटरी-सुरक्षेचे नियम पुढे कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. काही कंपन्यांनी त्यापूर्वीच आपणहून हजारो स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या, हेही नमूद केले पाहिजे.

आमच्या किनाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारा वारा लोखंडाला स्वस्थ बसू देत नाही. खारे पाणी वीजवाहक. ते बॅटरीच्या जोडांत शिरले तर काय होते ते २०२२ च्या वादळानंतर फ्लोरिडात दिसले. समुद्राचे पाणी लागलेल्या मोटारी पूर ओसरल्यावर पेटल्या. जानेवारी २०२४ पासून पर्यटकांसाठी घ्यावयाच्या नव्या गाड्या विजेच्याच असाव्यात, असे गोवा सरकारने २०२३ साली जाहीर केले होते. धोरण चांगले आहे. धुराला आमचा पाठिंबा नाही. पण भाड्याची स्कूटर उन्हात, वाळूत आणि पावसात उभी असते, आणि ती चालवणारा माणूस दर दिवशी नवा असतो.

कायदा नाही असे नाही. बिंदुमाधव जोशींसारख्यांनी गावोगाव हिंडून केलेल्या जागृतीनंतर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ च्या नव्या कायद्याने त्यात सदोष मालाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण घातले. रचना चुकली, घडण चुकली किंवा धोक्याची सूचना पुरेशी दिली नाही, तर नुकसानीस उत्पादक जबाबदार. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तर विक्रेता जबाबदार. परदेशी फळ्या आणि बिननावाच्या बॅटऱ्या विकणाऱ्यांनी हे कलम चौकटीत लावून दुकानात टांगावे. मात्र गिऱ्हाइकाने वस्तूचा गैरवापर वा तीत फेरफार केला असेल तर विक्रेता सुटतो. ‘चार्जर चुकीचा लावला’ हे उत्तर येते ते या पळवाटेतून.

मोटार वाहन कायद्यातही आता सदोष वाहने परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला आहे आणि दंडाची मर्यादा एक कोटी रुपयांपर्यंत आहे. परंतु हा अधिकार ‘मोटार वाहना’पुरता. पाव किलोवॉटहून कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, चाचणीत तशी ठरलेली गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे! तिला नंबर नाही, विमा नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही. म्हणून ती शाळकरी मुलांच्या आणि वृद्धांच्या हाती जाते, आणि दोष निघाला तर ती कोणाकोणाच्या घरी आहे याची सरकारदरबारी नोंदही सापडत नाही. अनुदानाच्या अटी मोडल्या म्हणून २०२३ मध्ये केंद्राने सात कंपन्यांकडून ४६९ कोटी रुपये परत मागितले. स्वतःच्या पैशाचा हिशेब सरकारला इतका चोख ठेवता येतो, तर विकलेल्या बॅटऱ्यांचा का येऊ नये?

आमची मागणी साधी आहे. कारखानदार स्वतः निवडून पाठवतो त्या नमुन्यावर विसंबू नये. पणजीच्या, रत्नागिरीच्या, वसईच्या दुकानांतून गिऱ्हाईक घेते तशी गाडी सरकारने विकत घ्यावी आणि ‘एर्डा’सारख्या संस्थेकडे पाठवून, खाऱ्या हवेत एक पावसाळा काढलेल्या बॅटरीसह, तिची तपासणी करवावी. निकाल कंपनीच्या नावासह छापावा. आम्ही त्यासाठी जागा देऊ. मंदगती गाड्यांच्या आणि फळ्यांच्या बॅटऱ्यांनाही क्रमांक असावा आणि तो विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या नावासह नोंदवून ठेवावा. आणि पर्यटनाचा पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी वाहतूक खात्याने भाड्याच्या प्रत्येक विजेच्या स्कूटरची बॅटरी एकदा काढून पाहावी.