पशुपक्ष्यांची फिर्याद : एका अरबी कथेतील पर्यावरणविचार

इसवी सनाच्या १० व्या शतकात बसरा येथील ‘इख्वान-उस-सफा’ या विद्वन्मंडळाने रचलेल्या अरबी प्रबंधमालेत एक विलक्षण कथा आहे. तीत पशुपक्षी माणसाच्या जुलमाविरुद्ध जिन्नांच्या राजाकडे फिर्याद नेतात. रूप, बुद्धी, कलाकौशल्य हे माणसाचे श्रेष्ठत्वाचे दावे ते एकेक करून खोडून काढतात. मरणोत्तर चिरंतन जीवन व मानवांतील संतसज्जन यांच्या आधारे अखेर निकाल माणसाच्या बाजूने लागतो. तथापि त्या जीवनात शिक्षाही आहे, हे पक्ष्यांचा प्रतिनिधी बुलबुल तेथेच सुनावतो. त्यामुळे माणसाला मिळालेला अधिकार उत्तरदायित्वाने बांधलेला ठरतो. इ.स. १८१० मध्ये मौलवी इक्राम अली यांनी ही कथा उर्दूत आणली. प्रजाती नष्ट होत असलेल्या आजच्या काळात हा अधिकार माणूस कोणत्या आचरणाने सिद्ध करणार, हा तिचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.