पनवेलचा रसायनशास्त्रज्ञ, बर्लिनचा कम्युनिस्ट

काचेवर एखाद्या पदार्थाचे रेणू येऊन चिकटले, तर ते तिथेच बसून राहतात का? शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये माक्स फोल्मर या रसायनशास्त्रज्ञाला या प्रश्नाने धरून ठेवलं होतं. पाऱ्याच्या वाफेतून वाढणारे चपटे, पातळ स्फटिक त्याने आधी पाहिले होते. त्यांच्या कडा भलत्याच वेगाने वाढत. वाफेतून थेट कडेवर येऊन आदळणाऱ्या अणूंच्या हिशेबात तो वेग बसतच नव्हता. म्हणजे मधल्या सपाट पृष्ठावर पडलेले अणू सरकत सरकत कडेपर्यंत पोचत असणार! पण हे सरकणं मोजायचं कसं? १९२५च्या एका शोधनिबंधात बेन्झोफेनोनचे रेणू काचेवरून सरकतात हे सिद्ध केलं गेलं आणि ते सरकणं मोजलंही गेलं. त्या निबंधावर नावं दोन आहेत : फोल्मर आणि अधिकारी.

हे अधिकारी म्हणजे १८९८ साली पनवेलला जन्मलेले गंगाधर अधिकारी. गिरणगावच्या लाल बावट्याच्या इतिहासात भेटणारे डॉक्टर अधिकारी ते हेच. आज संगणकाच्या चिपवर अणूंचे थर चढवतात, तेव्हा पृष्ठावरच्या याच हालचालीचा विचार करावा लागतो. त्या ज्ञानाच्या पायाशी एक मराठी नाव आहे आणि ते आपल्याला जवळजवळ ठाऊक नाही, याचं मला फार वाटतं.

अधिकारी १९२२ साली जर्मनीला गेले. पुढच्याच वर्षी तिथलं चलन कोसळलं. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची शिल्लक पावाच्या किमतीची उरली नाही. याच बर्लिनमधून रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्ट यांनी १९१८मध्ये सुरू केलेलं ‘रोटे फाने’ हे कम्युनिस्ट वृत्तपत्र निघत होतं. भारतीय कम्युनिस्ट नेते मानवेंद्रनाथ रॉय यांनीही ‘व्हॅनगार्ड’ हे पत्र १९२२ साली इथूनच काढलं. अधिकारी डॉक्टरेट मिळवून थांबले नाहीत. ते जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

१९२८च्या अखेरीस ते मुंबईत उतरले. दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप नुकताच मिटला होता. अधिकाऱ्यांना मोकळेपणी काम करायला जेमतेम तीन-चार महिने मिळाले. २० मार्च १९२९ला देशभर कम्युनिस्टांची आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांच्याबरोबर तेही मीरतच्या तुरुंगात गेले. खटला जवळजवळ चार वर्षं रेंगाळला. आरोपींच्या बाजूने बोलणाऱ्यांत आइन्स्टाइन आणि रोमाँ रोलाँ होते. जानेवारी १९३३मध्ये अधिकाऱ्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. मार्क्स-एंगल्सचा कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत आणला तोही त्यांनीच.

पुढे ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले, पक्षाच्या पत्रांतून लिहीत राहिले. पण त्यांचं मला सर्वांत भावणारं काम म्हातारपणीचं आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रं त्यांनी खंडाखंडांनी संपादित केली. पहिला खंड १९७१मध्ये निघाला. त्यात १९१७ ते १९२२चा काळ आहे. जुनी पत्रकं, ठराव, परदेशांतून निघालेली नियतकालिकं, सरकारी दप्तरातल्या फायली, सगळं शोधून काढायचं, काळाच्या क्रमाने लावायचं आणि वाचकाला संदर्भ कळावा म्हणून प्रस्तावनापर टिपण जोडायचं. ज्या नोंदी हेरखात्याने या माणसांना अडकवण्यासाठी जपल्या होत्या, त्याच आता त्यांच्या इतिहासाचा कच्चा माल झाल्या होत्या. एका माजी कैद्याने त्या वाचून छापून काढल्या. १९८१मध्ये अधिकारी गेले. भारतातल्या डाव्या चळवळीच्या सुरुवातीच्या काळावर लिहायला बसलेल्या अभ्यासकाला ते खंड आजही उघडावे लागतात.