'लाइट ऑफ एशिया' आणि आपली नववी-दहावीची मुले

इंग्रजी महाकाव्य म्हटले की मिल्टनचे नाव पुढे येते आणि हे आपल्या पोरांचे काम नव्हे, असे आपणच ठरवून मोकळे होतो. बाप कंटेनर यार्डात बारा तासांची ड्युटी करतो, आई चार घरची कामे उरकून येते, अशा घरातल्या मुलाने इंग्रजी काव्य कशाला वाचावे? शाळेच्या पुस्तकातली आठ-दहा कडव्यांची कविता गाईडमधून पाठ केली की मार्क मिळतात!

पण बंधू-भगिनींनो, इंग्रजी भाषेत असे एक महाकाव्य आहे की ज्याचे नायक तथागत भगवान बुद्ध आहेत. 'द लाइट ऑफ एशिया' हे त्याचे नाव. कवी सर एडविन अर्नोल्ड. साल १८७९. आठ सर्गांत सिद्धार्थाच्या जन्मापासून धम्मोपदेशापर्यंतची कथा त्यात आली आहे. उलव्यात दर रविवारी सकाळी आम्ही आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन हे काव्य वाचतो. मुले बहुतेक इंग्रजी माध्यमाची. बोलतात फाडफाड, पण एक सबंध पान वाचून त्याचा अर्थ सांग म्हटले की मान खाली जाते. वर्ग सुरू करण्याचे कारण हेच.

हा अर्नोल्ड आपल्याला अगदीच परका नाही. ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच पुण्यात दहाएक वर्षांनी हा तरुण इंग्रज सरकारी कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावाजले ते हेच कॉलेज. तेथे तो संस्कृत शिकला. १८६१ मध्ये विलायतेला परतून 'डेली टेलिग्राफ' या वर्तमानपत्रात नोकरीला लागला, आणि हे काव्य त्याने नोकरी सांभाळून, मिळेल त्या फुरसतीत लिहिले. आम्हां कारकून मंडळींना याचे विशेष वाटते. काव्य सांगणारा म्हणून त्याने एक कल्पित भारतीय बौद्ध उभा केला आहे. म्हणजे इंग्रज कवी बौद्धाच्या तोंडून बोलतो. पुढे १८८६ च्या सुमारास तो बुद्धगयेला गेला, तेथील दुर्दशा त्याने जगापुढे मांडली, आणि १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल तेथे पोहोचले. महाविहाराच्या त्या मागणीसाठी २०२५ मध्येही उपोषणे झाली, हे वाचकांना ठाऊकच आहे.

आता शिकवायचे कसे? या काव्यात बहुतेक ठिकाणी यमक नाही. एका ओळीत साधारण दहा अक्षरे, एक हलके, एक जड, अशा पाच जोड्या. हे फळ्यावर लिहून काही उपयोग झाला नाही. आमच्यातला एक नववीचा मुलगा जयंतीला गायन पार्टीत ढोलकीवर बसतो. त्याने ओळ दोनदा ऐकली आणि म्हणाला, "सर, थाप दुसऱ्यावर पडते." मग बाकावर बोटे आपटत सगळ्यांनी ओळी म्हटल्या. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेल्या घरांत ताल शिकवावा लागत नाही, दाखवून द्यावा लागतो.

दुसरी अडचण वाक्याची. अर्नोल्डचे एक वाक्य आठ-आठ ओळी चालते, आणि क्रियापद कोठेतरी मध्येच दडून बसलेले असते. म्हणून नियम केला: आधी क्रियापद शोधायचे, मग ते कोणी केले ते विचारायचे, बाकीचे शब्द नंतर. 'दाऊ', 'दी' ही जुनी रूपे म्हणजे आपले 'तू', 'तुला', एवढे सांगितले की मुले अडत नाहीत. एका रविवारी चाळीस ओळींच्या वर जायचे नाही. पुस्तकाचा खर्चही नाही म्हणण्याइतकाच. कवी १९०४ साली वारला, त्यामुळे आता त्यावर कोणाचा हक्क नाही. हवी ती पाने झेरॉक्स करून वाटता येतात.

सर्वांत रंगला तो तिसरा सर्ग. राजपुत्र नगर पाहायला निघणार म्हणून राजा हुकूम काढतो की म्हातारे, आंधळे, लंगडे, रोगी कोणी रस्त्यावर दिसता कामा नये. रस्ते झाडून, पाणी शिंपून, तोरणे बांधून ठेवतात. हे वाचताच एक मुलगी म्हणाली, "मंत्री येणार असले की आमच्याकडे फेरीवाल्यांना असेच हलवतात." उलव्याच्या मुलांना याहून जास्त समजावण्याची गरजच पडली नाही. तरी एक म्हातारा त्या रस्त्यावर येतोच, आणि पुढे रोगी व प्रेतही दिसते.

येथेच खरा प्रश्न उभा राहिला. एक ज्येष्ठ उपासक वर्गाच्या दाराशी आले. "जयभीम. बाबासाहेबांनी जी गोष्ट खोटी ठरवली, तीच तुम्ही पोरांना इंग्रजीतून शिकवता?" त्यांचा राग रास्त होता. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी हा विषय काढला आहे. सिद्धार्थाने गृहत्याग केला तो एकोणतिसाव्या वर्षी. म्हातारा, रोगी आणि प्रेत तर कोणालाही रोज दिसतात. मग त्याआधी त्याला ते दिसलेच नव्हते काय? ही कथा बुद्धीला पटत नाही, असा बाबासाहेबांचा निर्वाळा आहे.

आम्ही आजोबांना आत बसवले आणि पुढच्या रविवारी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली. बाबासाहेबांच्या ग्रंथातील कारण वेगळे आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरची रोहिणी नदी. आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या नोकरांची मारामारी होते आणि शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. आपले दोन, त्यांचे दोन, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांनी निवाडा करावा, ही त्याची सूचना. ती मतदानात पडते. वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने शस्त्र हाती घ्यावे, हा ठराव आला तेव्हा तो नकार देतो आणि शेवटी परिव्रज्या पत्करतो.

पाण्याचे भांडण म्हणजे काय, हे उलव्यात सांगावे लागत नाही. हेटवणे धरणाचे पाणी कमी दाबाने आले की सोसायटीत काय होते ते मुलांनी पाहिलेले आहे. विमानतळासाठी येथील टेकडी फोडली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, हेही त्यांना माहीत आहे. त्या दिवशी मुलांनी स्वतःच पाच पंच नेमून रोहिणीचा निवाडा करून पाहिला. आजोबा शाक्यांच्या बाजूने भांडले!

आणखी एक लाभ झाला, जो आम्ही सगळ्या पालकांना सांगू इच्छितो. अर्नोल्डच्या लांबलचक वाक्यांशी झगडल्यावर बाबासाहेबांचे इंग्रजी मुलांना सरळ, स्वच्छ वाटले. लहान वाक्ये, आकडे घातलेले परिच्छेद. दहावीच्या एका मुलीने डिक्शनरी न उघडता अडीच पाने वाचली. हा ग्रंथ घराघरांत आहे, तो बहुधा मराठी अनुवादात आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो पूजेच्या कपाटात आहे. मूळ इंग्रजी प्रत मुलांच्या टेबलावर आली पाहिजे.

मग अर्नोल्ड कशाला? हा प्रश्न अजून विचारला जातो. आमचे मत असे की ज्याला बाबासाहेबांनी उत्तर दिले, ते आधी वाचल्याशिवाय उत्तराचे वजन कळत नाही. १९०७ मध्ये मॅट्रिक पास झालेल्या भीमरावाला केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचूनच ते थांबले असते तर पुढचा ग्रंथ झाला नसता.

सध्या वर्गात यशोधरेवरून दोन तट पडले आहेत. अर्नोल्डच्या चौथ्या सर्गात ती झोपेत असताना सिद्धार्थ निघून जातो. बाबासाहेबांच्या ग्रंथात ती जागी आहे. तो तिला सारे सांगतो, आणि आपण तुमच्या जागी असते तर हेच केले असते, अशा अर्थाचे बोलून ती संमती देते. राहुलला सांभाळायचे म्हणूनच ती मागे राहते. मुलींना हीच यशोधरा पसंत पडली. ढोलकीवाल्या मुलाचे म्हणणे असे की अर्नोल्डची वाचताना रडू येते, म्हणून तीही हवी. दोघांनी आपापली बाजू एकेका पानात इंग्रजीत लिहून आणायची असे ठरले आहे. परीक्षा आटोपली की सातवा सर्ग घेणार आहोत. त्यात बुद्ध भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला परत येतात. उलवे, बामणडोंगरी, खारकोपर भागातल्या पालकांनी मुलांना जरूर पाठवावे. वही आणि पेन्सिल आणली की पुरे. पाने आम्ही देऊ.